डिकन्स चोरावा कसा

माझं कसलंही स्मारक उभारू नका, असं इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने मृत्युपत्रात मित्रांना कळकळीने बजावून ठेवलं होतं. अंत्यविधी साधा व्हावा, गाजावाजा नको, हीही अट होती. 9 जून 1870 रोजी तो गेला आणि पाच दिवसांनी लोकांनी त्याला थेट राजे आणि थोर लोक जिथे पुरले जातात त्या वेस्टमिन्स्टर ॲबेत नेऊन पुरलं. 1992 पासून काही वर्षं तो दहा पौंडांच्या नोटेवर होता. 2014 मध्ये पोर्ट्समथला, जन्मगावी, पुतळाही बसला. मोठ्या माणसाची शेवटची इच्छा धाब्यावर बसवून त्याचा पुतळा उभारायचा, हा उद्योग फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही.

पण पुतळ्यांमुळे लेखक टिकतात यावर माझा विश्वास नाही. डिकन्स, ब्रॉन्टे भगिनी, थॉमस हार्डी, ब्रॅम स्टोकर ही मंडळी आजही सिनेमात, नाटकात, मालिकांत आणि गाण्यांत भेटतात, त्याचं श्रेय मी चोरांना देतो. कुणालाही न विचारता ज्यांनी त्यांच्या गोष्टी उचलल्या, कापल्या, फिरवल्या, दुसऱ्याच गावात नेऊन बसवल्या, त्या सगळ्यांना. जॉर्ज ऑर्वेलने डिकन्सवरच्या 1940 च्या निबंधाची सुरुवातच अशी केली आहे की हा चोरण्याच्या लायकीचा लेखक आहे. त्याचा रोख डिकन्सला आपापल्या गोटात ओढू पाहणाऱ्या मार्क्सवाद्यांवर आणि कॅथलिकांवर होता. मी ते वाक्य अधिक सरळ अर्थाने घेतो. चोरी झाली हे उत्तमच झालं. माझी तक्रार आहे ती मालाच्या निवडीबद्दल. दीडशे वर्षं आपण या घरातली भांडीकुंडी उचलून नेतोय आणि तिजोरीला हातही लावत नाही.

‘अ ख्रिसमस कॅरोल’ घ्या, नाताळच्या रात्री आलेल्या भुतांमुळे बदलणाऱ्या स्क्रूज या कंजूष म्हाताऱ्याची गोष्ट. याच्याइतकं लुटलं गेलेलं व्हिक्टोरियन पुस्तक क्वचितच असेल. 19 डिसेंबर 1843 रोजी ते बाहेर पडलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. किंमत पाच शिलिंग, पण रंगीत चित्रं आणि सोनेरी कडा यांतच इतका खर्च झाला की लेखकाच्या हाती अपेक्षेच्या मानाने चिल्लरच आली. जानेवारी उजाडतो न उजाडतो तोच एका स्वस्त साप्ताहिकाने तीच गोष्ट जुजबी फेरफार करून छापली. डिकन्स कोर्टात गेला आणि जिंकला. प्रतिवादींनी दिवाळं काढलं आणि सुमारे सातशे पौंडांचा खर्च जिंकणाऱ्याच्याच बोकांडी बसला. फेब्रुवारीत लंडनच्या रंगभूमीवर या गोष्टीची एकाहून अधिक नाटकं एकाच वेळी चालू होती. 1901 मध्ये मूकपट आला. 1947 मध्ये डिस्नेच्या कॉमिकमध्ये स्क्रूज नावाचा गडगंज बदक अवतरला. 1992 मध्ये मपेट बाहुल्यांनी ती गोष्ट गाण्यांसकट सादर केली, आणि ती झकासच केली.

या प्रवासात काय गळालं ते बघायला गोष्ट जन्मली कशी इथे जावं लागतं. 1843 च्या सुरुवातीला बालमजुरांबद्दलच्या सरकारी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचून डिकन्सने गरिबांच्या मुलांच्या बाजूने एक पत्रक काढायचं ठरवलं. मग बेत बदलला. वर्षाअखेर मी असा घण घालीन की पत्रकाच्या वीसपट, नव्हे वीस हजारपट जोर त्यात असेल, असं त्याने आयोगाच्या एका सदस्याला कळवलं. सप्टेंबरमध्ये तो लंडनच्या बकाल वस्तीतली फील्ड लेनची गरिबांची शाळा बघून आला. ऑक्टोबरात मँचेस्टरला कामगारांच्या शिक्षणावर बोलून आला. आणि साधारण सहा आठवड्यांत पुस्तक हातावेगळं केलं. म्हणजे ही नाताळची गोष्ट मुळात एका सरकारी अहवालावरची प्रतिक्रिया आहे.

गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्यांना स्क्रूज विचारतो, तुरुंग नाहीत का? निराधारांना कामाला जुंपणारी वर्कहाउस बंद पडली का? आणि तिथे जाण्यापेक्षा कित्येकजण मरण पत्करतील असं ऐकल्यावर म्हणतो, मग मरावं त्यांनी, फाजील लोकसंख्या तेवढी कमी होईल. हा काही एका कवडीचुंबकाचा तिरसटपणा नव्हे. 1834 च्या गरीब कायद्यामागे जे अर्थशास्त्र होतं, लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते म्हणणाऱ्या माल्थसपासून चालत आलेलं, ते डिकन्सने जवळपास शब्दशः त्याच्या तोंडी घातलं आहे. पुढे दुसरं भूत आपल्या झग्याखालून दोन मुलं बाहेर काढतं. हाडाची काडं झालेली, चेहरे म्हाताऱ्यासारखे. मुलगा म्हणजे अज्ञान, मुलगी म्हणजे भूक आणि अभाव. दोघांनाही भ्या, पण या पोराला जास्त भ्या, असं भूत सांगतं. ही कोणाची मुलं, असं स्क्रूज विचारतो तेव्हा उत्तर येतं, माणसांची.

मपेटांच्या चित्रपटात ही दोन मुलं नाहीत. 1983 च्या मिकी माउसच्या आवृत्तीतही नाहीत. लहान मुलं बघणार, ती घाबरतील, हे कारण मला समजतं. पण मग उरतं काय? एक कंजूष म्हातारा रात्रीतून सुधारतो, टर्की पाठवतो, नोकराचा पगार वाढवतो. कायद्याचा प्रश्न स्वभावाचा होऊन बसतो. अशी गोष्ट कुठल्याही कंपनीला डिसेंबरच्या जाहिरातीत वापरायला अडचण नसते, कारण तीत कंपनीला विचारलेलं काहीच नाही.

याचा थोडा दोष डिकन्सकडेही जातो. ऑर्वेलने त्याच निबंधात दाखवलं आहे की डिकन्स व्यवस्था बदला असं कुठे म्हणत नाही, माणसं बदला म्हणतो. शेवटी एखादा सहृदय श्रीमंत येतो आणि निस्तरतो. ते मान्य. तरीही ती दोन मुलं त्याने झग्याखाली ठेवली होती, स्क्रूजच्या टर्कीने त्यांचं पोट भरलं असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही, आणि ती बाहेर काढून टाकली आपण.

चित्रं शब्दांपेक्षा जास्त जगतात, हाही या टिकण्याचा एक विचित्र भाग आहे. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला फेगन, पोरांना खिसे कापायला शिकवणारा, हा ज्यू आहे, आणि डिकन्स पानोपानी त्याचा उल्लेख नावापेक्षा ‘तो ज्यू’ असाच जास्त करतो. 1863 मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी त्याला पत्र लिहिलं. डिकन्सचं लंडनमधलं घर तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच नवऱ्याने विकत घेतलं होतं, म्हणजे ओळख होती. तुम्ही आमच्या समाजावर मोठा अन्याय केलात, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. डिकन्सने आधी समर्थनच केलं. मग मात्र पुढच्याच कादंबरीत रायाह नावाचा भला ज्यू म्हातारा आणला, आणि 1867 च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ हातात घेऊन पुष्कळ ठिकाणचा ‘ज्यू’ हा उल्लेख काढून तिथे ‘फेगन’ किंवा ‘तो’ घातलं. तीस वर्षांपूर्वीचं, जगभर खपलेलं पुस्तक एका वाचक बाईच्या पत्रामुळे दुरुस्त करणारे लेखक आजही फार सापडणार नाहीत.

पण जॉर्ज क्रुकशँकने काढलेली चित्रं तशीच राहिली. 1948 मध्ये डेव्हिड लीनने सिनेमा केला तेव्हा ॲलेक गिनेसच्या चेहऱ्यावर त्या चित्रांवरूनच भलं मोठं नाक चढवलं. युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलीला तीन वर्षं झाली होती. बर्लिनमध्ये चित्रपटगृहाबाहेर निदर्शनं पेटली, अमेरिकेत तो 1951 पर्यंत अडकला आणि कात्री लागूनच दाखवला गेला. लीन मोठा दिग्दर्शक, ती फिल्म म्हणून आजही बघण्यासारखी आहे. पण मूळ कृतीशी प्रामाणिक राहण्याच्या नादात तो लेखकाने स्वतः मागे घेतलेल्या गोष्टीशी प्रामाणिक राहिला.

म्हणूनच ‘डिकन्स आज असता तर वेब सिरीज लिहीत असता’ हे जे सगळीकडे ऐकू येतं ते मला अर्धवट वाटतं. हप्ता संपताना वाचकाला टांगून ठेवणं, एवढंच साम्य लोकांना दिसतं. डिकन्सच्या महिन्याला निघणाऱ्या एका शिलिंगाच्या भागाचा खरा गुण असा की पुढचा भाग तेव्हा लिहूनच झालेला नसायचा. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ चालू असताना मिस माउचर या बुटक्या बाईचं पात्र आलं, आणि डिकन्सच्या शेजारच्या एका ठेंगण्या स्त्रीने त्यात स्वतःला ओळखलं. तिने दुखावून पत्र लिहिलं. डिकन्सने पुढच्या भागांत पात्राचा नूरच पालटला आणि खलनायकाच्या मदतनीसासारखी वाटणारी ती बाई सज्जन निघाली. कादंबरीच्या बांधणीला यामुळे सांधा दिसतो, हे खरं. पण वाचक आणि लेखक यांच्यात असा दोन्ही बाजूंनी वाहता रस्ता होता. एका शुक्रवारी दहाच्या दहा भाग टाकून मोकळ्या होणाऱ्या सिरीजमध्ये तो कुठून येणार? आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांत तो थोडासा आहे, पण तिथे ऐकलं जातं ते टीआरपीचं.

आता ज्याला कोणीच उचलून धरलं नाही त्याच्याविषयी. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हे नाव आज इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही फारसं माहीत नसतं. 1879 मध्ये तो वारला तेव्हा ‘बुकसेलर’ या पुस्तकविक्रेत्यांच्या पत्राने त्याला काळातला सर्वांत लोकप्रिय लेखक म्हटलं होतं. डिकन्स तेव्हा मरून नऊच वर्षं झाली होती! रेनॉल्ड्सचं नाव झालं तेच उचलेगिरीने: डिकन्सच्या पहिल्या कादंबरीचा नायक पिकविक याला परस्पर फ्रान्सला पाठवून ‘पिकविक ॲब्रॉड’ लिहिलं. 1844 पासून त्याची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ आठवड्याला एक पेनीने विकली जाऊ लागली. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतला माणूस, सरदारांवर आणि राजघराण्यावर तुटून पडायचा, सोबत खून, तळघरं, वेश्यावस्ती हा मसाला भरपूर. शिलिंगवाल्यांच्या बैठकीच्या खोलीत त्याला जागा नव्हती. वर्गणी घेऊन पुस्तकं घरी देणाऱ्या वाचनालयांनी आणि नंतर प्राध्यापकांनी जी यादी केली तीत तो नव्हता.

प्राध्यापकांच्या यादीवर फार विसंबू नये, हे जाता जाता सांगतो. एफ. आर. लीव्हिस या समीक्षकाने 1948 मध्ये इंग्रजी कादंबरीची थोर परंपरा ठरवली तेव्हा ‘हार्ड टाइम्स’ सोडून बाकी डिकन्स बाहेर ठेवला होता, करमणूक करणारा म्हणून. बावीस वर्षांनी त्याने मत फिरवलं. ‘मिडलमार्च’ लिहिणाऱ्या जॉर्ज इलियटला मात्र वाचनालयांनी आणि समीक्षकांनीच जगवलं. त्या कादंबरीची सावली सिनेमावर फारशी पडत नाही, कारण तिथे चोरायचं ते वाक्यावाक्यात पसरलेलं आहे, ओरबाडून नेता येत नाही.

इंग्लंडने विसरलेला रेनॉल्ड्स भारतात मात्र धो धो वाचला जात होता आणि देशी भाषांत उतरत होता, मराठीतही. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’, 1885 ची, रेनॉल्ड्सच्याच लंडनवरच्या कादंबरीच्या आधाराने लिहिलेली. मराठी सामाजिक कादंबरीच्या पायाशी हा पेनीवाला लेखक आहे, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. कारण हरिभाऊ तिथे थांबले नाहीत. 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि त्या साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो’ हप्त्याहप्त्याने वाचकांच्या घरात शिरली. आता तिथे लंडन नव्हतं, तळघरं नव्हती. पुण्या-मुंबईतलं मध्यमवर्गीय ब्राह्मणी घर होतं, यमू होती, आणि विधवेच्या डोक्यावरून फिरणारा न्हाव्याचा वस्तरा होता. विलायती कादंबरीतून हप्ता घेतला, गर्दीने भरलेलं शहर घेतलं, आपल्या काळातल्या आपल्या माणसांवर संतापायची मुभा घेतली. कथानक तिकडेच सोडून दिलं. मी ज्याला तिजोरी म्हणतो ती हीच.

त्यामानाने हिंदी सिनेमाने उचललं ते कथानक. 1952 च्या ‘संगदिल’मध्ये शार्लट ब्रॉन्टेची ‘जेन एअर’ आहे, 1966 च्या ‘दिल दिया दर्द लिया’मध्ये तिची बहीण एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’, आणि 1967 च्या ‘दुल्हन एक रात की’मध्ये नूतन हार्डीची टेस झाली आहे. गाणी छान आहेत. बाकी हवेली, वादळ, गैरसमज. ‘जेन एअर’मध्ये शेवटी एक मिशनरी जेनला बायको करून हिंदुस्थानात न्यायला बघतो, तिला हिंदुस्थानी शिकायला बसवतो, तिकडे गेलात तर लवकर मराल अशी चेतावणीही तिला मिळते. आपल्याला त्या पुस्तकात शिरायला तेवढी फट होती. कोणाला दिसली नाही.

जीन ऱ्हीसला मात्र फट दिसली. ती 1890 साली कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावर जन्मली. ‘जेन एअर’चा नायक रॉचेस्टर याच्या माळ्यावर कोंडलेली वेडी बायको जमैकाची आहे, तिच्याबरोबर तीस हजार पौंड हुंडा आला आहे, आणि सबंध कादंबरीत तिला एक धड वाक्य बोलायला मिळत नाही, हे तिला खुपत राहिलं. 1966 मध्ये ‘वाइड सारगॅसो सी’ आली तेव्हा त्या बाईला नाव, बालपण आणि बाजू मिळाली. आज कुठल्याही गंभीर वाचकाला माळ्याचा जिना दिसला की ऱ्हीस आठवते. शार्लट ब्रॉन्टेच्या हॉवर्थमधल्या घराचं संग्रहालय 1928 पासून चालू आहे, तिचे छोटे बूट आणि हस्तलिखितं तिथे जपली आहेत, आणि ते चांगलंच काम आहे. पण ब्रॉन्टेला विसाव्या शतकात पुन्हा भांडणाच्या मध्यभागी आणलं ते तिच्याशी भांडलेल्या बाईने.

भांडायचा हक्क आपलाही आहे, आणि आपल्याकडे कारण जास्त सज्जड आहे. 4 ऑक्टोबर 1857 च्या पत्रात डिकन्सने आपल्या धनाढ्य स्नेही अँजेला बर्डेट-कूट्स यांना लिहिलं की मी हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर ज्या वंशावर अलीकडच्या क्रौर्याचा डाग आहे तो नामशेष करायचा शक्य तेवढा प्रयत्न केला असता. कानपूरच्या बातम्यांनी तेव्हा सगळं इंग्लंड पेटलं होतं, हे खरं. पण वर्कहाउसमधल्या पोरासाठी जिवाचं रान करणारा माणूस एका अख्ख्या वंशाच्या संहाराची भाषा करतो, हे वातावरणाच्या नावावर खपवता येत नाही. मी डिकन्स वाचणं सोडलेलं नाही. तो वाचताना हे पत्र बाजूला उघडं असतं इतकंच. आणि 2019 मध्ये अरमांडो इयानुचीच्या चित्रपटात डेव्हिड कॉपरफील्ड, डिकन्सच्या स्वतःच्या आयुष्याशी सर्वांत जवळचा नायक, भारतीय वंशाचा देव पटेल झाला, तेव्हा भूमिकेसाठी असा नट कसा निवडला यावरून नाकं मुरडणाऱ्यांना मी मनात हे पत्र वाचून दाखवलं.

मग तिजोरी म्हणजे नेमकं काय? माझ्या मते ‘ब्लीक हाउस’. 1852-53 मधली ही कादंबरी लोकांना तिच्या पहिल्या पानावरच्या धुक्यासाठी आठवते, आणि प्रत्येक चित्रीकरणात ते धुकं इमानदारीने सोडलं जातं. पण पुस्तक चॅन्सरी या लंडनच्या वारसा-मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या कोर्टाबद्दल आहे, त्याच कोर्टाबद्दल जिथे ‘कॅरोल’ची चोरी करणाऱ्यांना हरवून डिकन्सने सातशे पौंड गमावले होते. कायद्याचा मोठा अन्याय ओढवून घेण्यापेक्षा मूळचा अन्याय सोसलेला बरा, असं त्याने नंतर लिहिलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण त्याच्याकडून शिकलेलो नाही, पण त्याला ते सांगितलं असतं तर कळलं असतं. कादंबरीतला जार्न्डिसचा वारसाहक्काचा खटला पिढ्यान् पिढ्या चालतो. असंख्य मुलं या खटल्यात जन्मली, असंख्य तरुण लग्न करून त्यात शिरले, असंख्य म्हातारे मरून त्यातून सुटले. शेवटी खटला संपतो, कारण वादाची सगळी इस्टेट खर्चातच संपलेली असते.

भारतातल्या कोर्टांत आज पाच कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. तालुक्याच्या कोर्टातला वाटणीचा दावा ज्याने जवळून पाहिला आहे त्याला डिकन्सची ती वाक्यं अतिशयोक्ती वाटणार नाहीत. वादी वारतो, मग वारसांची नावं दाखल करायला तारखा. त्यातला एक वारतो, मग त्याचे वारस. स्टे, कमिशनची मोजणी, तिला हरकत, सातबारावर इतर हक्कातली नोंद, वकीलपत्र बदललं म्हणून पुन्हा मुदत. या सगळ्यावर आपल्याकडे विनोद होतात, सिनेमात एखादा गाजलेला संवाद होतो. आठशे पानं मात्र कोणी लिहीत नाही.

एका न्यायाधीशाने मैफलीत डिकन्सला सुनावलं होतं की चॅन्सरी जवळजवळ निष्कलंक आहे, थोडी संथ असेल तर ती जनतेच्या कंजूषपणामुळे. डिकन्सने ‘ब्लीक हाउस’च्या प्रस्तावनेत उत्तर दिलं, ते खऱ्या खटल्यांचं होतं. जवळपास वीस वर्षांपूर्वी सुरू झालेला एक दावा, एकेका वेळी तीस-चाळीस वकील उभे, सत्तर हजार पौंड खर्च, आणि निकाल सुरुवातीला होता तितकाच दूर. संताप होता, पण त्याच्याखाली कागद होते. तसे कागद आपल्याकडे कुठल्याही दिवाणी कोर्टात नकलेचा अर्ज केला की मिळतात. चकरा थोड्या जास्त माराव्या लागतील.